फोटोच्या कडेचं कोपर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा, कागदावर जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकलो तर उठवायला दुसरं माणूस लागतं, त्यामुळे हल्ली मला पत्रातला नमस्कारच मानवतो.) इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि तुमच्या डोक्यावर राहणारं ते रोज सकाळी कपाटं सरकवणारं बिऱ्हाड, या तिघांनाही थोडाफार आराम पडला असेल असं धरून चालतो. फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. त्याचं कारण असं की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं दुसरं वाक्य संपायच्या आत तू पहिल्यातली चूक काढतेस, मग मी चिडतो, मग तू म्हणतेस की तू लहानपणापासूनच चिडका, आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. शाळेतून निवृत्त होऊन तुला इतकी वर्षं झाली, पण मुख्याध्यापिका काही तुझ्यातून निवृत्त झालेली नाही. पत्रात निदान मी शेवटापर्यंत पोचतो. लाल पेन घेऊन बसलीस तरी माझी हरकत नाही, फक्त आधी एकदा सगळं वाच.

विषय तू पाठवलेल्या फोटोंचा आहे. तुला बरंचसं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण मध्येच सुरुवात केली की तू समासात ‘संदर्भ?’ असं लिहिणार. तर मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही इतका पिकलेला की गेलं वर्षभर ती मला आवाजावरून आणि तुझ्या भावजयीला पावलांवरून ओळखत होती. तरी ऑपरेशनचं नाव काढलं की तिला कुठेतरी जायचं असायचं. (जिना उतरायला जिला माझा हात लागतो ती कुठे जाणार, हे विचारायची सोय नव्हती.) शेवटी ती तयार झाली ती एका अटीवर. दिसायला लागल्यावर तुमची तोंडं तर बघावीच लागणार आहेत, म्हणाली, पण त्याआधी मला माझी माणसं बघायची आहेत. तिची माणसं म्हणजे आई, आप्पा, आजोबा आणि आपली सगळी जुनी मंडळी, जी आता फोटोतच उरली आहेत. आईच्या पिढीतली ती शेवटची, ताई. तिला चेहरे आठवेनासे झाले होते, आणि हे तिने मला एकदा पाठ फिरवून सांगितलं, कारण तोंडावर सांगितलं तर मी तिची कीव करीन अशी तिला भीती. एक डोळा आधी करायचा, तो बरा झाला की दुसरा, असं डॉक्टरांनी ठरवलं. पहिल्या डोळ्याने ती मनसोक्त बघू शकेल तो दिवसही त्यांनी सांगून ठेवला. त्या दिवसापर्यंत सगळे जुने फोटो साफसूफ करून, एका पानावर एक असं मोठं पुस्तक तयार करायचं मी कबूल केलं. आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला, लोकांच्या ओळखपत्रांवरचे मुरूम पुसले, तेव्हा हे काम म्हणजे डाव्या हाताचा मळ असं मला वाटलं.

आईचे अल्बम तुझ्याकडे. मी मागितले आणि तू एका शब्दाने का म्हणून न विचारता, सगळे फोटो, निगेटिव्हसकट, स्कॅन करून घेऊन पेन ड्राइव्ह पाठवलास. मावशी कशी आहे, ऑपरेशन कसं झालं, हे तू विचारलं नाहीस. पाकिटात फक्त सूचनांचा कागद होता. पहिली सूचना, फोटोंचा क्रम बदलू नये. दुसरी, फोटोंच्या नावांना हात लावू नये, ती विचार करून दिलेली आहेत. मी तो कागद काचेखाली ठेवला आणि पेन ड्राइव्हवरचं सगळं संगणकावर उतरवून घेतलं. कुठे हरवू नये म्हणून ते एका फोल्डरमध्ये ठेवलं, तो फोल्डर दुसऱ्यात, आणि तो तिसऱ्यात, ज्याचं नाव मी ‘ताईकडून आलेले महत्त्वाचे फोटो, कोणीही यात काहीही करू नये’ असं दिलं. (घरात संगणकाला हात लावणारा मी एकटाच. तरी कुणाला तरी बजावलेलं बरं असतं.)

मग मी फोटो सुधारायचं ते सॉफ्टवेअर उघडलं. यात आधी फोटो ‘आत घ्यावे’ लागतात. एक बटण आहे, ते दाबलं की खाली एक निळी पट्टी डावीकडून सरकत जाते, आणि ती दुसऱ्या टोकाला पोचली की फोटो समोर मांडलेले दिसतात. आपली पट्टी निघाली. छान चालली होती. अर्ध्याच्या थोडी पुढे गेली, थबकली, पडदा पांढराफटक पडला आणि सॉफ्टवेअर नाहीसं झालं. मागे माझा नेहमीचा डोंगराचा फोटो तेवढा दिसत राहिला. मग एक चौकट आली, तिच्यात लिहिलं होतं की प्रोग्रॅम अनपेक्षितपणे बंद पडला. मला वाटलं, असेल बुवा, यंत्र आहे. पुन्हा उघडलं, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा पट्टी तिथेच थबकली आणि पुन्हा तो अनपेक्षितपणे बंद पडला. सबंध दिवस तो तेच करत होता आणि प्रत्येक वेळी अनपेक्षितपणेच. त्या चौकटीच्या खाली एक जागा असते, तिथे ‘हे घडलं तेव्हा आपण काय करत होता ते आम्हाला कळवा’ अशी विनंती असते. मी पहिल्यांदा सविस्तर कळवलं. मावशीचा डोळा, डॉक्टरांनी दिलेला दिवस, तुझा सूचनांचा कागद, सगळं लिहिलं. पुढच्या वेळी थोडक्यात लिहिलं. त्यानंतर ‘वरीलप्रमाणे’. शेवटी शेवटी ‘खुर्चीत बसलो होतो, अजूनही बसलो आहे’ एवढंच. कंपनीकडून पोचसुद्धा आली नाही.

त्यानंतर मी जे जे केलं ते सांगायला बसलो तर तुझं लाल पेन संपेल. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. त्याची नवी आवृत्ती उतरवली, तर ती जुन्यापेक्षा लवकर बंद पडायला लागली. इंटरनेटवर एका सद्गृहस्थाने सांगितलं होतं की साठवलेल्या तात्पुरत्या फाइली पुसाव्यात, त्या पुसल्या. दुसऱ्याने सांगितलं, पडद्याचं कार्ड वापरायचं बंद करा, ते केलं तर सगळे चेहरे हिरवे झाले. तिसऱ्याने संगणकात जागा कमी असेल अशी शंका काढली, म्हणून मी तुझ्या भावजयीच्या बहिणीच्या बागेचे व्हिडिओ काढून टाकले. (ही गोष्ट या पत्राबाहेर जाऊ नये. तिच्या त्या गुलाबांचं घरात फार कौतुक आहे.) संगणकाचं झाकण काढून आतली धूळ झाडली. टेबल भिंतीपासून लांब घेतलं. एकदा तर बटण हळूच दाबून पाहिलं, म्हणजे त्याला कळायच्या आत फोटो आत शिरतील. सौ. दारात उभी राहून हे बघत होती. तिने विचारलं, तुम्ही त्याला चकवताय की त्याची समजूत काढताय. मलाही ते नक्की सांगता आलं नसतं.

इकडे मावशी पट्टी बांधून खिडकीशी बसलेली. तिला दिसत नव्हतं पण ऐकू येत होतं, आणि माझ्या खुर्चीच्या कुरकुरण्यावरून तिला सगळा अंदाज यायचा. रोज संध्याकाळी विचारायची, माझ्या ताईपर्यंत पोचलास का. तिची ताई म्हणजे आपली आई. मी म्हणायचो, वाटेत आहे. डॉक्टरांनी दिलेला दिवस जवळ येत चालला, आणि मी आईला त्या निळ्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेऊ शकत नव्हतो. पहिल्यांदाच माझ्या धंद्यातल्या कामाची मला भीती वाटली, हे मोकळेपणाने सांगतो.

शेवटी मी रीस्टार्टरावांना बोलावलं. हे कोपऱ्यावरचे संगणक दुरुस्त करणारे. खरं नाव त्यांच्या घरच्यांना ठाऊक असेल. कोणतीही तक्रार सांगितली की ते आधी विचारतात, रीस्टार्ट करून बघितलं का, म्हणून हे नाव पडलं. स्वभावाने अत्यंत उदास. आमच्या संगणकाकडे त्यांनी आजारी नातेवाइकाला भेटायला गेलेला माणूस पलंगाकडे बघतो तसं बघितलं, पाणी प्यायले, आणि म्हणाले की सॉफ्टवेअर ठणठणीत आहे, तुमच्या फोटोंपैकी एखादा फोटो खराब आहे. तो सापडेपर्यंत फोटोंचे दोन भाग करायचे. एक भाग आत घेऊन बघायचा. बंद पडलं तर गुन्हेगार त्यात, नाही पडलं तर दुसऱ्यात. मग त्याचेही दोन भाग. असं करत करत एकटा उरतो तो. एवढं सांगून, दुसरीकडे कुठेतरी याहून वाईट परिस्थिती आहे, असं म्हणून ते निघून गेले.

आता दोन भाग करायचे तर कसे करायचे? डोकं असलेल्या माणसाने वरचे अर्धे आणि खालचे अर्धे असे केले असते. पण सौ. शेजारी स्टूल घेऊन बसली होती आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, की मग आमच्याकडचे वेगळे काढा आणि तुमच्याकडचे वेगळे. (माझ्या सासरच्या मंडळींचे फोटोही तुझ्या संग्रहात बरेच आहेत, आणि तू त्यांना वेगळा विभाग दिला आहेस.) मीही वेड्यासारखा हो म्हणालो. त्या क्षणापासून तो संगणकाचा प्रश्न उरला नाही. आधी तिच्याकडचे घेतले. पट्टी सुरू झाली, तशी सौ. श्वास रोखून बसली. सासूबाई, मामेसासरे, तिची आत्या, सगळी मंडळी एकापाठोपाठ एक आत गेली. एकालाही ठेच लागली नाही. मग आपली घेतली आणि आपल्याकडच्यांनी नेहमीच्या ठिकाणी मान टाकली. सौ. उठली, चहा करून आणला, माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा स्टुलावर बसली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने मला ऐकवलेलं सगळ्यात मोठं भाषण तेच.

मग आपल्यातच फाटाफूट सुरू झाली. आईची बाजू आणि आप्पांची बाजू. मला मनातून वाटत होतं की आप्पांच्या बाजूचाच कोणीतरी निघणार, तिकडचे सगळे अडून बसणारे, पण ते निमूटपणे आत गेले. मग घरातले फोटो आणि समारंभातले. समारंभांत लग्नं आणि बाकीचे. लग्नांत तुझं आणि माझं. तुझं लग्न एका दमात पार पडलं, तू लावलेलं असणार म्हणून. उरलं माझं लग्न. सौ.ने चहाचा कप खाली ठेवला, कारण आता संशय तिच्यावरही येत होता. माझ्या लग्नाचे भाग करत करत आम्ही जेवणानंतरच्या फोटोंपर्यंत आलो, आणि तिथे एकच फोटो उरला. तोच, ताई. सगळ्यांचा एकत्र. मला हसावं की डोक्याला हात लावावा ते कळेना. माझ्या घरात ज्या फोटोचं नाव काढायचं नाही असा न सांगता ठरलेला नियम आहे, त्यानेच संगणकही बंद पाडला होता.

त्या दुपारी जे झालं ते तुला मी सांगायला नको, पण हे पत्र भावोजीही चोरून वाचतात म्हणून त्यांच्या माहितीसाठी लिहितो. सगळ्यांना उभं करायचं काम तू अंगावर घेतलंस. उंचीप्रमाणे रांगा लावल्यास, माझ्या सासऱ्यांना हाताची घडी सोडायला लावलीस आणि मावशीला म्हणालीस, थोडी सरक. मावशी सरकली. फोटो हातात आला तेव्हा तिच्यापैकी फक्त एक कोपर त्यात होतं, उजव्या कडेला. बाकीची मावशी नव्हती. तिचं म्हणणं, तू तिला माणसांतून काढून टाकलंस. तुझं म्हणणं, थोडी म्हणजे थोडी. त्यानंतर तुम्ही दोघी एकमेकींशी बोलला नाहीत. माझा संसार आणि तुमचा अबोला यांचं वय एकच आहे, आणि या काळात ‘तिला सांग’ असं म्हणून दोन्ही बाजूंनी जे काही माझ्या हवाली झालं ते पोचवता पोचवता मी पोस्टमन झालो.

आता त्या फोटोत खराब काय आहे म्हणून मी त्याचं नाव वाचलं. तू दिलेलं. ते पडद्यावर मावत नव्हतं, बाण दाबून दाबून पुढे जावं लागत होतं. मी ते इथे जसंच्या तसं उतरवतो: ‘धाकट्याच्या लग्नातील जेवणानंतरचा सर्वांचा फोटो, उजव्या कडेला दिसणारे कोपर मावशीचे असून तिला मी फक्त थोडी सरक असे म्हटले होते, फोटोबाहेर जा असे म्हटलेले नव्हते, हवे तर हजर असलेल्या कोणालाही विचारावे, तरीही तिला वाईट वाटले असल्यास’. इथे नाव संपतं. पूर्णविराम नाही. पुढे संगणकाने तुला लिहू दिलेलं नाही.

रीस्टार्टरावांना पुन्हा बोलावलं. त्यांनी ते नाव शेवटापर्यंत वाचलं (मध्ये एकदा त्यांनी चष्मा पुसला), आणि म्हणाले, काका, फोटो चांगला आहे, नाव खराब आहे. पाकिटावर पत्ता मावला पाहिजे तसं संगणकालाही नाव आणि ते कोणत्या फोल्डरच्या कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे सगळं मिळून एका ठरावीक लांबीत बसवावं लागतं. आपली अक्षरं त्याला जागाही जास्त खातात. तुमच्या बहिणीने नाव लिहिता येतं तितकं लिहिलं, आणि ते तुम्ही तीन लांबलचक फोल्डरांच्या आत नेऊन ठेवलंत. बिचारं सॉफ्टवेअर पत्ता वाचता वाचता जीव सोडत होतं. ताई, दोष निम्मा माझाही आहे हे मी मान्य करतो. पण आख्खं भांडण फोटोच्या नावात घालणारी माझ्या ओळखीत तू एकटीच आहेस.

मग तुझी दुसरी सूचना मोडावीच लागली. मी ते लांब नाव आधी कागदावर उतरवून घेतलं, मग पुसलं आणि तिथे ‘कोपर’ एवढंच लिहिलं. बटण दाबलं. निळी पट्टी निघाली, नेहमीच्या जागी आली आणि न थांबता पुढे गेली. सगळे आत आले, ताई. पडदाभर आपली माणसं. मी खुर्चीतच टाळी वाजवली, तशी खिडकीतून मावशीने विचारलं, पोचलास का. पोचलो म्हणालो. सौ.ने पदराने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाली. धूळ मी आधीच झाडलेली होती.

पुढचे दिवस मी मजेत काम केलं. डाग काढले, घड्या पुसल्या, पिवळेपणा घालवला. आणि दिलेल्या दिवशी मावशी स्टुडिओत माझ्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत येऊन बसली. आधी तिने आम्हाला दोघांना बघितलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, तुम्ही एवढे म्हातारे झालात आणि मला कोणी कळवलं नाही. मग मी आईचा फोटो लावला, ती अंगणात उभी आहे तो. मला वाटलं, मावशी रडेल. ती पुढे वाकली, आईच्या कपाळावर बोट ठेवलं आणि विचारलं, इथला व्रण कुठे गेला. भुवईवरचा. लहानपणी दोघी भांडल्या तेव्हा मावशीनेच ढकललं होतं म्हणे. मला तो कागदावरचा ओरखडा वाटला होता, मी साफ केला होता. माझ्या ताईला होती तशी दे, म्हणाली, तुझी चित्रकला बघायला मी डोळा फाडून घेतलेला नाही. मी व्रण परत आणला. (या सॉफ्टवेअरचं एवढं एक मात्र चांगलं आहे, केलेलं परत घेता येतं.) मग ती रडली. आईचं नाव घेऊन घेऊन रडली, आणि मीही रडलो. डोळ्याला रडणं चालतं का, हे सौ.ने डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. चालतं.

आता कोपराकडे येतो. तो फोटो दाखवावा की नाही यावर आमचं घरात बरंच झालं. पण तो आधीच दाखवण्यासारखा झाला होता, त्याचं कारण सांगतो. तू निगेटिव्हवरून स्कॅन करून घेतलंस हे तुझे उपकार. आपल्याकडे जो छापील फोटो आहे त्यात मागची रांग नुसती काळी आहे, फ्लॅशचा उजेड तिथवर पोचलाच नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये सावल्या उजळायची एक सोय आहे. मी ती थोडी सरकवली, अंधार विरळ झाला. आणखी सरकवली. तर तुझ्या अंबाड्याच्या बरोबर मागे, दोन काकांच्या खांद्यांमधून, एक चेहरा वर आला. मावशीचा. टाचा उंच करून उभी असावी. आणि ती हसत होती, ताई, दात दिसतील इतकी. मी सौ.ला हाक मारली. मग आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो.

हा फोटो लावला तेव्हा मावशीने पहिल्यांदा कोपराकडे बघितलं आणि म्हणाली, हे माझं नाही, मी एवढ्या बांगड्या कधी घातल्या नाहीत. सौ.ने चष्मा लावला, वाकून बघितलं, आणि फार हळू आवाजात म्हणाली, आमच्या आत्याचं आहे. (त्यानंतर चहा मी केला.) मग मी मावशीला मागच्या रांगेत बोट दाखवून विचारलं, ही कोण. मावशी म्हणाली, मी, दुसरं कोण. एका बाजूने सरकवलं म्हणून दुसऱ्या बाजूने मागे जाऊन उभी राहिले. फोटोत दिसले नाही तर त्यात माझा काय दोष? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, विचारलं. तर म्हणाली, तिने विचारायला नको होतं का, मावशी, तू कुठे होतीस म्हणून? मी वाट बघत होते. नंतर वाट बघायची सवय झाली. आणि मला मोतीबिंदू होता, तुम्हाला काय झालं होतं?

तिला मी तू दिलेलं नाव वाचून दाखवलं. तुला राग येईल, पण दाखवलं. ‘वाईट वाटले असल्यास’ इथे मी थांबलो. तिने पुढे मान केली आणि विचारलं, पुढे काय. म्हटलं, पुढे मावलं नाही. ती म्हणाली, तिचं कधी कशात मावलंय.

पुस्तक छापून आलं आहे. मावशी ते मांडीवर घेऊन बसते आणि आल्यागेल्याला सगळ्यांची ओळख करून देते, कालच दूधवाल्याला आजोबांपर्यंत नेऊन आणलं. चेहरे तिला परत आठवतात. तुझी प्रत सोबत पाठवतो आहे. भावोजींना नमस्कार, आणि त्यांनी पत्र चोरून न वाचता मागून घेऊन वाचावं. तुझ्या गुडघ्याची काळजी घे.

तुझा आज्ञेबाहेर न जाणारा (दुसरी सूचना सोडून),
धाकटा

ता. क. महत्त्वाचं राहिलंच. मावशीचा दुसरा डोळा अजून व्हायचा आहे. त्यानंतर दिवसभर ठरलेल्या वेळांना डोळ्यात थेंब घालायचे असतात. पहिल्या डोळ्याच्या वेळी ते आम्ही घातले. माझे अर्धे तिच्या गालावर जायचे, आणि सौ.ला घड्याळाचं भान राहत नाही. डॉक्टर रागावले. मावशी म्हणते की थेंब घालायला वेळ पाळणारं आणि समोरच्याला हलू न देणारं माणूस हवं. माझ्या ओळखीत असं माणूस एकच आहे. तुझं बिऱ्हाड महिनाभर भावोजी सांभाळतील का, एवढंच विचारण्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं होतं.

आणखी एक ता. क. वरचं सगळं माझं म्हणणं आहे. मावशीने तुला बोलाव असं मला सांगितलेलं नाही, तिला या पत्राची कल्पनाही नाही. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर तू मोकळेपणाने नाही म्हण, तिला कळणारही नाही.

शेवटचं. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा फोडून लिहितो आहे. आत्ताच डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला होता. दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली होती, ती मावशीने काल परस्पर फोन करून पुढे ढकलली आहे. आम्हाला पत्ता नाही. कारण काय दिलं म्हणून विचारलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, आजी सांगत होत्या की थेंब घालायला माझी भाची यायची आहे, ती आली की करू.